वर बदलापूर गाव, खाली पालेगाव

नाय, बसायचं नाय. उभ्या उभ्या बोल — आणि बोलतोस तरी कशाला, तुझं बोलणं अख्ख्या तालुक्यानं मोबाईलवर ऐकलंय, आता माझ्या दारात येऊन आणखी काय ऐकवणार हायस? तो फोन आधी खिशात घाल. घाल बोल्लो ना. मागच्या वेळेला पण असाच आलेलास, "काका, नुसता भेटायला आलो" — आणि दुसऱ्या दिवशी माझं थोबाड तुझ्या व्हिडिओत, खाली मोठ्या अक्षरात, पालेगावचे मॅनेजर महेंद्र भडकले. भडकले! मी भडकलो नव्हतो, मी टँकर भरत होतो. मोटर चालू असली की माणूस मोठ्यानंच बोलतो, त्याला भडकणं नाय बोलत. पण तुला काय, तुला चार लाईक मिळाले की झालं.

हां, आता पण भरतोय. कुणासाठी? तुमच्याचसाठी, आणखी कुणासाठी — चौदाव्या मजल्यावर तू सकाळी सकाळी अंगावर पाणी घेतोस ना, ते ह्याच बोअरचं, पालेगावचं. आणि तुमच्या गाड्या जिथं लागतात ना खाली, पांढरे पट्टे मारलेत बघ, तिथं आमचं ग्राऊंड होतं. माहीत होतं तुला? नाय माहीत. एका बाजूचा गोल तुमच्या लिफ्टच्या इथं यायचा आणि दुसरा त्या जिमच्या काचेपाशी. माझा बाप, बुधाजी, भात कापून झालं की स्वतः तिथं चुना मारायचा, धोतर वर खोचून. आता तू विचारशील, मंग विकलं कशाला. विकलं. आमीच विकलं, कोणी डोक्याला बंदूक लावली नव्हती, बिल्डर आला, चहा प्यायला, आमी सह्या केल्या, ह्याच्यात काय लपवायचं? पण बघ ना आता गावाच्या नावाचं उरलंय काय — स्टेशनवर रिक्षावाल्याला पालेगाव बोल्लं तर तो उलटा विचारतो, कौनसा टॉवर. कौनसा टॉवर! मी जन्मलो इथं. गावाच्या नावाच्या दोनच गोष्टी राहिल्यात, एक गावदेवी आणि एक फुटबॉलची टीम. पोरांच्या पाठीवर पालेगाव लिहिलेलं असतं आणि रविवारी चार माणसं मोठ्यानं ओरडतात, चल पालेगाव. बाकी आठवडाभर ते नाव कुणाच्या तोंडात येत नाय.

आणि ते पण उद्यापर्यंत. तू काय मला समजावतोस, मला माहीत नाय काय? आठ टीमची लीग, शेवटचा आला तो बाहेर, त्याच्या जागी नवीन टीम — आणि लायनीत पहिलं कोण उभं हाय? तुमचीच टॉवरवाल्यांची टीम, इंग्लिश नावाची, एफसी की काय ते. चांगली पोरं असतील, मी वाईट बोलत नाय, बूट तर एकेकाचे असे की आमची पोरं आधी बुटाकडे बघतात आणि मंग बॉलकडे. ती येणार आणि आमी जाणार. आणि एकदा गेलेली गावची टीम परत आलेली मी बघितली नाय, पोरं पांगतात, कोण नोकरीला लागतो, कोण बायकोच्या मागं कल्याणला राहायला जातो. संपलं. तुझ्या व्हिडिओतला बोर्ड बरोबर येईल, पेढे वाट.

थांब. मधे बोलू नको. तू तासभर बोललास ना त्या व्हिडिओत, तेव्हा मी मधे बोल्लो काय?

काय नाव होतं त्याचं — "वर कोण, खाली कोण". मागं बोर्ड, बोर्डावर आठ नावं, हातात काठी घेतलेली, मास्तर कुठचा. लीग चालू व्हायची होती अजून, एक बॉल कोणी मारला नव्हता, आणि ह्यानं आधीच सगळं लावून टाकलं. सगळ्यात वर बदलापूर गाव, त्याच्याखाली मोरिवली, मधले मधे, खालून दुसरं उल्हासनगरचं कॅम्प चार, आणि सगळ्यात खाली — तिथं आल्यावर तू हसलास. हसलास रे तू! नाय कसं, दात दिसले ना तुझे. आणि कारण काय दिलंस? "पालेगावकडे एक चांगला गोलकीपर आहे आणि त्याच्यापुढे दहा माणसं आहेत, जी उभी असतात." उभी असतात. त्यातला एक माझ्या चुलत भावाचा पोरगा, अल्पेश, शाळेत होता तेव्हापासून पुढं खेळतोय, नवीन लग्न झालेलं त्याचं. त्याच्या सासरवाडीला सगळ्यांनी बघितलं ते. मेव्हण्यानं फोन करून विचारलं, भावजी, उभं राहून पाय दुखत असतील ना. आता काय करायचं त्या पोरानं?

आणि मोरिवली दुसरे येतील हे तुला कुठून कळलं? मी तर बोल्लो होतो मोरिवली तळाला. अर्धी पोरं कंपनीत शिफ्टला, रविवारी ग्राऊंडवर येतात तेव्हा एकेकाचे डोळे लाल — कसे काय दुसरे आले, मला अजून समजत नाय. नशीब असेल. कॅम्प चारला मी वरच्या तिघांत धरलं होतं, ते आमच्याच शेजारी लोळतायत. आणि पहिलं मी पालेगाव लावलेलं. दर वर्षी लावतो. काय हसतोस? टीमच्या मॅनेजरनं काय लावायचं मंग, सातवं? तू टक्के काढतोस, कोण किती धावला, कुणी किती पास दिले — मी पोरांच्या तोंडाकडे बघतो. तोंड बघून चुकलो तर चुकलो, पण मी कुणाला उभं राहणारा नाय बोल्लो.

तुला वाटतं नुसतं बोल्लास. नुसतं बोलणं नसतं ते इथं. कॅम्प दोनचा तो जीन्सवाला शेठ, सिंधी माणूस, चांगला माणूस, दोन सीझन आमच्या छातीवर त्याच्या दुकानाचं नाव होतं — तुझा व्हिडिओ आला आणि त्याचा फोन, "साईं, बुरा मत मानना, नीचेवाली टीम पे नाम नहीं लगाने का, धंदे में अच्छा नहीं दिखता." खालची टीम! एक मॅच झाली नव्हती रे! जर्सीवरचं त्याचं नाव आमी काळ्या कापडानं झाकून शिवून घेतलं, वेणूनं शिवलं, माझ्या बायकोनं, आणि पोरं तशीच खेळली, छातीवर काळी पट्टी घेऊन, बघणारे विचारायचे कोण वारलं काय तुमच्यात.

मंग आमी काय केलं ते पण तुझ्या कानावर आलंच असेल, त्याच्यावर पण हसला असशील. आमी देवीला विचारलं. हो. कौल लावला. तुमच्या गावाकडे, मुरबाडला, लावत नसतील काय? तुझ्या बापाला विचार, त्याला माहीत असेल, तू चौदाव्या मजल्यावर राहतोस म्हणून तुला नवल. कौल लावायचा मान आमच्या घरात हाय, आधी बुधाजी लावायचा, आता मी. जास्वंदीची पाकळी पाण्यात भिजवायची, एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या, आणि हात जोडून विचारायचं. उजवी पडली, होय. डावी पडली, नाय. लग्न जमतं की नाय ह्याच्यावर, बोअरला पाणी लागेल की नाय ह्याच्यावर — हा बोअर हाय ना, हा पण विचारून मारलाय. पण टीमचं कुणी कधी विचारलं नव्हतं. बुधाजी बोलायचा, खेळाचं देवीला विचारायचं नसतं, ती दोन्हीकडच्यांची असते. पण तुझा व्हिडिओ बघून गावाचं डोकं फिरलं होतं, सगळे देवळात, ढोल आणलेला, म्हातारी कौसाबाई, जिला फुटबॉल गोल की चौकोनी माहीत नाय, ती पण पुढं बसलेली, बोलते, विचार देवीला, त्या मोबाईलवाल्याचं खरं की खोटं.

विचारलं. आई, पालेगाव तळाला जाईल काय? पाकळ्या लावल्या. आणि डावी पडली. अशी सुटून खाली, माझ्या हातावर. नाय जाणार! अरे काय ढोल वाजला त्या दिवशी, तुमच्या टॉवरच्या खिडक्या उघडल्या, वॉचमन आला आवाज कमी करा बोलायला, त्याला पण प्रसाद दिला.

आणि तिथंच माती खाल्ली आमी. देवीनं नाय, आमी. कारण दुसऱ्या दिवसापासून एक पोर सकाळी ग्राऊंडवर येईना. कशाला येतील? देवी बोल्लीय ना, तळाला जाणार नाय, मंग घाम कशाला काढायचा? मी गेलो घरोघर उठवायला, अल्पेशची आई दारातून बोल्ली, भावजी, झोपू द्या त्याला, आता काय काळजी नाय. काळजी नाय! मी काय बोलणार, कौल तर मीच लावलेला. एकटा प्रीतम जायचा. नाल्याच्या बाजूला ग्राऊंडची ती पट्टी उरलीय ना, तिथं, कंपाऊंडच्या भिंतीवर बॉल मारायचा आणि स्वतःच अडवायचा, मारायचा आणि अडवायचा. माझा पोरगा, हां, तोच चांगला गोलकीपर तुझा.

त्याचं नाव काढू नको. तोंड उघडलंस ते समजलं मला, त्याचंच बोलणार होतास. नको. त्याच्यावर बोलायचं असलं तर चालता हो. तूच नेलास त्याला, तुझ्या त्या एका वाक्यानं, एक चांगला आणि दहा उभे — ते ऐकून बदलापूर गाववाल्यांचे डोळे फिरले. त्यांचा कीपर खांदा निखळून बसलेला, पहिल्या तीन मॅचपर्यंत टीम बदलता येते हा रूल, आणि गेला. आमच्या गावचा कीपर, बुधाजीचा नातू, बदलापूर गावच्या पिवळ्या जर्सीत. आणि तू व्हिडिओ केलास, सीझनची सगळ्यात मोठी बातमी. टाळ्या वाजवल्यास.

काय? मीच त्याला जर्सी काढ बोल्लो? कोण बोल्लं तुला? त्यानं सांगितलं? नाय, बोल ना, त्यानं सांगितलं की अल्पेशनं? हां, मी बोल्लो तसं. बोल्लो. मंग? पहिली मॅच चार गोलनी हरलो आमी, दुसरी तीननी, परत सगळे देवळात जमले, बोलायला लागले प्रश्न चुकीचा विचारला गेला, परत कौल लावा, नीट विचारा. आणि मी पाकळ्या भिजवायला घेतल्या, तेवढ्यात हा मागून पुढं आला, सगळ्या गावासमोर, मोठ्या माणसांसमोर, बोलतो, "बाबा, कौल नको. सकाळी ग्राऊंडवर या सगळे. गोलमध्ये देवी उभी राहत नाय, मी राहतो." देवळात! देवीच्या पुढ्यात उभा राहून! कौसाबाईनं कानावर हात ठेवले. मी कौल लावणारा, माझ्या घरात मान, आणि माझाच पोरगा — काय करायचं मी? गप्प बसायचं? बोल्लो, देवीवर भरवसा नसेल तर गावची जर्सी अंगावर नको, काढ. राग आला की बाप बोलतो. तुझा बाप बोलत नाय काय? पोरानं मान खाली घालायची आणि बाजूला व्हायचं, रात्री जेवायला ताटावर यायचं, संपलं. ह्यानं काढली. तिथंच. डोक्यातून काढली, झटकली, घडी घातली, बाह्या आत दुमडून, जशी त्याची आई घालते, आणि देवळाच्या पायरीवर ठेवून उघडा घरी गेला. मला काय वाटलं, येईल संध्याकाळी. बॅग भरून मावशीकडे गेला, वेणूच्या बहिणीकडे, बदलापूर गावात. अजून तिथंच हाय.

तर ते असं हाय. तुझ्याचमुळे. तू तो व्हिडिओ केला नसतास तर कौल लावला नसता, कौल लावला नसता तर हे सगळं झालं नसतं. सरळ हिशोब हाय.

आणि आता लोक मला विचारतात, महेंद्रशेठ, पोराची मॅच बघायला येता काय. मी कशाला जाऊ? वेणू जाते, बहिणीकडे जाते सांगून, हातात डबा, डब्यात बोंबलाचं कालवण, बहिणीला बोंबील आवडत नाय हे मला माहीत हाय, तिला वाटतं मला माहीत नाय. मी विचारत पण नाय. मी बघत पण नाय तुझे व्हिडिओ. तो मोरिवलीचा पेनल्टी — त्यांचा तो उंच पोरगा, राजरत्न, उजव्या पायाचा, नेहमी कीपरच्या डावीकडे मारतो, सगळ्यांना माहीत हाय, त्या दिवशी त्यानं मुद्दाम डोळ्यांनी डावीकडे दाखवलं आणि मारला उजवीकडे, खाली, खांब चाटून जाणारा — आणि प्रीतम हललाच नाय आधी, थांबला, शेवटच्या क्षणापर्यंत थांबला, आणि मंग असा पसरला की बोटाच्या टोकानं — टोकानं रे! — आणि उठल्यावर हात नाय उडवले, ओरडला नाय, बॉल उचलून लगेच पुढं फेकला. लहानपणी मीच सांगितलं होतं त्याला, आधी हलेल तो हरेल. इथंच, तुमच्या लिफ्टपाशी, मी मारायचो, तो अडवायचा, इतकासा होता, ग्लोव्ह माझे, कोपरापर्यंत यायचे त्याला...

वेणूनं सांगितलं मला. मी बघत नाय, सांगितलं ना. काय बघतोस माझ्याकडे?

बरं, झालं? निघ आता. तुला काय पाहिजे मला समजत नाय काय, तुला पाहिजे उद्याच्या मॅचआधी बापाचा बाईट — एकीकडे पोरगा, एकीकडे बाप, म्युझिक टाकशील मागं. अशी मॅच तुला परत मिळणार नाय. वरचा आणि खालचा, शेवटच्या दिवशी, समोरासमोर. त्यांना बरोबरी पुरते, एक पॉइंट मिळाला तरी बदलापूर गाव पहिलं, ट्रॉफी त्यांची. आमाला बरोबरी चालत नाय. आमाला जिंकायलाच लागतं, तरच कॅम्प चारच्या वर जातो, नायतर बाहेर. म्हणजे आमाला गोल मारायलाच लागतो. कुणावर मारायचा? तूच सांग ना, येवढा हुशार हायस, कुणावर मारायचा?

सकाळी गेलो होतो मी देवळात. एकटाच. जास्वंद घेतली, पाकळ्या भिजवल्या, आणि हातात घेऊन उभा राहिलो. काय विचारू? पालेगाव जिंकेल काय, विचारू? म्हणजे माझ्याच पोराच्या हातातून बॉल सुटेल काय, असंच झालं ना ते. आणि तो पहिला येईल काय विचारलं, तर बुधाजीच्या टीमला बाहेर काढ, असं विचारलं. दोन्हीकडून मीच. पाकळ्या तशाच देवीच्या पायावर ठेवल्या आणि आलो, काय विचारलं नाय. पहिल्यांदा असा आलो. बाप बोलायचा ते मला तेव्हा समजलं असतं तर... जाऊ दे, तुला कशाला सांगतोय मी हे. हे जर व्हिडिओत आलं ना, तर तुझ्या अख्ख्या बिल्डिंगच्या टाक्या कोरड्या पडतील, लक्षात ठेव, कुणाचा टँकर येतो बघतो मी.

बाईट नको? मंग आलास कशाला?

कुणी पाठवलं? त्यानं? तुला? ... मला फोन नाय करता येत त्याला? नाय, माझा फोन चालू असतो, सगळा दिवस चालू असतो, टँकरच्या ऑर्डर येतात त्याच्यावर. बरं, बोल. काय निरोप हाय? बोल ना आता, मघापासून बोलायचं होतं ना तुला, बोल.

काय बोल्लास? परत बोल.

उद्या उभा राहणार नाय म्हणजे? लागलं काय त्याला? बोट? खांदा? ... नाय लागलं. मंग? त्यांच्या कोचला सांगून टाकलं? काय सांगितलं — माझ्यामुळे गाव बाहेर जायला नको. असं बोल्ला? हेच शब्द? आणि तुला बोल्ला, व्हिडिओत टाकू नको, फक्त बाबांच्या कानावर घाल. ... हां.

मंग गोलमध्ये कोण त्यांच्या? तो निखळलेल्या खांद्याचा अजून बरा नाय. मंग तो दुसरा, तो बारका? अरे, तो तर बॉल आला की डोळे मिटतो, सरावाला बघितलाय मी त्याला! त्याच्यावर तर आमचा कोण पण मारेल. अल्पेशनं नुसता पाय लावला तरी आत. म्हणजे आमी — एक गोल, एकच, मंग मागं सगळे उभे करायचे, उभंच राहायला येतं ना त्यांना, उभे राहू दे — आमी राहतो रे! कॅम्प चार बाहेर, आमी आत! पुढच्या वर्षी परत पालेगाव! तुझा बोर्ड खोटा, देवीचा कौल खरा, वेणूला सांगायला पाहिजे, वेणू! वे...

नाय.

थांब. बोलू नको तू. कोण समजतो तो स्वतःला? उपकार करतो आमच्यावर? गावाला भीक घालतो? आमी त्याला जर्सी काढायला लावली, आणि तो आमच्यासाठी ट्रॉफी सोडून देणार, बाकावर बसून बघणार, आणि आमी नाचायचं, ढोल आणायचा? मी त्या बारक्यावर मारलेल्या गोलवर नाचू? रोज त्या पोरानं सकाळी उठून भिंतीवर बॉल मारला, एकट्यानं, आमची सगळी झोपलेली असताना — ते कशाला, उद्या बाकावर बसायला? अख्ख्या लीगमध्ये पहिला येणारा कीपर हाय तो. माझ्या घरात कोण कधी कशात पहिलं आलंय रे? बुधाजी नाय, मी तर नायच. आणि हा सोडतो बोलतो. माझ्यासाठी. मी त्याला काय केलं ते माहीत असून.

आता नीट ऐक, येवढं एक काम कर, आजपर्यंत तुझ्या तोंडामुळे माझ्या घराचं वाटोळंच झालंय. त्याला जाऊन सांग, उद्या उभं राहायचं. ग्लोव्ह घालायचे आणि उभं राहायचं. समोरून अल्पेश येऊ दे, कोण पण येऊ दे, तोंडाकडे बघायचं नाय, बॉलकडे बघायचं, आणि आधी हलायचं नाय. मी असणार तिकडे. आमच्या बाकावर असणार मी, पालेगावच्या, मी ओरडणार पण, मार अल्पेश, मार बोलून ओरडणार, मॅनेजर हाय मी, आणि मला जिंकायचं हाय — पण त्याच्यावर मारून जिंकायचं हाय, तो उभा असताना. आणि नाय जिंकलो तर नाय. तुझा बोर्ड खरा होतो तर होऊ दे. वर बदलापूर गाव, खाली पालेगाव. येऊ दे त्या तुमच्या टॉवरवाल्यांना. पाणी देतोच हाय, जागा पण देऊ.

आणि ऐक — मी बोल्लो असं सांगू नको त्याला. आई बोल्ली सांग. वेणूचं ऐकेल तो... नाय, थांब. तिचं नको सांगू. माझं सांग. बाबा बोल्ले, उभा राहा, आणि आमच्या एकाचा पण आत जाऊ देऊ नको. माझं नाव घेऊन सांग. बघतोस काय आता? जा.